‘फक्त नंबर काढून द्या’ म्हणण्याआधी

“ताई, डोळे बरे आहेत, फक्त नंबर काढून द्या.” खुर्चीत बसता बसता निम्मी माणसं हेच म्हणतात. मी सांगली भागात सतरा वर्षं ऑप्टोमेट्रिस्ट म्हणून काम करते. दिवसभर लोकांच्या डोळ्यांपुढे काचा बदलत “आत्ता बरं दिसतंय की मघाशी?” असं विचारत असते. नंबर काढणं हेच माझं काम. तरीही हा लेख लिहावासा वाटला, कारण नंबर निघाला म्हणजे डोळे तपासून झाले हा समज घरोघरी आहे, आणि त्याची किंमत आमच्या घराने मोजली आहे.

माझे वडील शाळेत शिक्षक होते. दर दोन वर्षांनी चष्म्याच्या दुकानात जायचे, नंबर काढून काचा बदलून यायचे. तक्त्यावरची शेवटची ओळ घडाघडा वाचायचे. मी शिकत असताना, दुसऱ्या वर्षाला, डोळ्यातला दाब मोजायचा सराव करायला कोणीतरी हवं होतं म्हणून त्यांना बसवलं. उजव्या डोळ्यात २४, डाव्यात ३४. हा दाब साधारण १० ते २१ असतो. माझंच चुकतंय असं वाटून मी तीनदा मोजला. मग सरांना बोलावलं. डाव्या डोळ्याच्या कडेची नजर बरीच गेली होती. काचबिंदू. या आजारात डोळ्याची नस खराब होत जाते, बहुतेक वेळा नजर कडेकडून जाते आणि मधली शेवटपर्यंत शाबूत राहते. तक्ता मधल्या नजरेने वाचतात. शिवाय एका डोळ्याची उणीव दुसरा डोळा भरून काढतो, म्हणून माणसाला स्वतःला काही जाणवतच नाही. गेलेली नजर परत येत नाही. उरलेली तेवढी औषधाने राखता येते.

पहिली पायरी: कोणाकडे जायचं आणि केव्हा

तीन वेगळी माणसं असतात. चष्म्याच्या दुकानात काचा बसवून देणारे ऑप्टिशियन. नंबर काढणारे, डोळ्यांची प्राथमिक तपासणी करणारे आणि शंका आली तर पुढे पाठवणारे आम्ही ऑप्टोमेट्रिस्ट. आणि औषधं देणारे, शस्त्रक्रिया करणारे नेत्रतज्ज्ञ डॉक्टर. काच फुटली, दांडी मोडली तर दुकान पुरे. पण आयुष्यात काही टप्प्यांवर नेत्रतज्ज्ञांकडे जायलाच हवं.

मूल तीन-चार वर्षांचं झालं की शाळेआधी एकदा. डोळा तिरळा वाटला, किंवा फोटोत एका बुबुळात लाल चमकेऐवजी सतत पांढरी चमक दिसली, तर वयाची वाट न पाहता त्याच आठवड्यात. पांढऱ्या चमकेमागे मोतीबिंदू किंवा डोळ्यातली गाठही असू शकते. चाळिशीत, काही तक्रार नसली तरी, एकदा पूर्ण तपासणी. आई-वडील किंवा भावंडांत काचबिंदू असेल तर चाळिशीचीही वाट पाहू नका. साखरेच्या आजाराचं निदान झालं की लगेच आणि मग दर वर्षी. मधुमेहात डोळ्याच्या मागच्या पडद्यावरच्या रक्तवाहिन्या खराब होऊ लागतात तेव्हा सुरुवातीला ना दुखतं, ना धूसर दिसतं. दिसेनासं झालं की येणारे पेशंट मी फार पाहिले आहेत.

दुसरी पायरी: तपासणीत काय काय झालं पाहिजे

जाताना जुना चष्मा, चालू औषधांची यादी आणि मधुमेह असेल तर साखरेचा शेवटचा रिपोर्ट न्या. आणि स्वतः गाडी चालवत जाऊ नका. बाहुली मोठी करणारे थेंब घातले की चार ते सहा तास जवळचं अंधूक दिसतं आणि ऊन सहन होत नाही. अनेक जण केवळ दुचाकी आणली म्हणून “थेंब नकोत” म्हणतात आणि तपासणीतला सर्वांत महत्त्वाचा भाग राहून जातो.

तक्ता वाचून घेणं आणि नंबर काढणं ही सुरुवात. त्यानंतर डोळ्यातला दाब मोजला पाहिजे. त्याला दोन मिनिटं लागतात. हनुवटी टेकवून बसवतात त्या स्लिट लॅम्पवर पापण्या, बुबुळ आणि भिंग पाहिलं पाहिजे. आणि थेंब घालून मागचा पडदा व डोळ्याची नस पाहिली पाहिजे. उठण्यापूर्वी सरळ विचारा, “डॉक्टर, दाब किती आला? पडदा आणि नस ठीक आहे ना?” दाबाचे दोन आकडे फाइलवर लिहून मागा. पुढच्या वेळी तुलना करायला ते लागतात. एक मात्र ध्यानात असू द्या, काचबिंदू साधारण दाबातही होतो, म्हणून नस पाहणं दाबाइतकंच महत्त्वाचं.

तिसरी पायरी: चिठ्ठी वाचायला शिका

समजा उजव्या डोळ्यापुढे लिहिलं आहे: −२.२५ / −०.७५ × १८०, ॲड +१.५०.

पहिला आकडा स्फेरिकल. वजा म्हणजे लांबचं अंधूक, अधिक म्हणजे डोळ्याला लांबसाठीही जोर लावावा लागतो आणि जवळच्यासाठी आणखी जास्त. नंबर पावाच्या टप्प्याने वाढतो, ०.२५, ०.५०, ०.७५ असा. −२ नंबरवाल्याला चष्म्याविना साधारण अर्ध्या मीटरपर्यंतच स्वच्छ दिसतं, −४ वाल्याला पाव मीटरपर्यंत. १ भागिले नंबर, इतकं सोपं गणित आहे. दुसरा आकडा सिलिंड्रिकल. बुबुळ चेंडूसारखं गोल नसून एका दिशेने जास्त वळलेलं असेल तर हा नंबर लागतो, आणि तिसरा आकडा, ॲक्सिस, त्याची दिशा सांगतो. काच बसवताना ही दिशा चुकली की नंबर बरोबर असूनही डोकं दुखतं. ॲड म्हणजे जवळच्यासाठीची वाढीव पॉवर. आपल्या भाषेत चाळिशी. वय वाढेल तशी ती वाढते आणि साठीच्या आसपास साधारण +२.५० ला थांबते. चाळिशी लागणं हा आजार नाही, भिंगाची लवचीकता कमी होण्याचा तो परिणाम आहे, आणि चष्मा टाळल्याने ती लांबणीवर पडत नाही.

शेजारी ६/६, ६/१८ असं असतं. ६/१८ म्हणजे निरोगी डोळ्याला जे अक्षर १८ मीटरवरून वाचता येतं ते तुम्हाला ६ मीटरवर यावं लागतं. हे आकडे चष्म्यासह आहेत का, ते पाहा. योग्य चष्मा लावूनही ६/६ येत नसेल तर “का येत नाही?” हा प्रश्न विचारल्याशिवाय उठू नका. त्याचं उत्तर काचेत नसतं.

दोन गोष्टी नंबरच्या आडून फसवतात. साखर वर-खाली होत असताना भिंगात पाणी धरतं आणि नंबर दिवसागणिक बदलतो. मागच्या महिन्यात एक गृहस्थ आले, आठवड्यापूर्वीच केलेला चष्मा “चुकीचा” म्हणून. नंबर खरोखर दीड पॉइंटने वेगळा निघाला. विचारल्यावर कळलं की साखर ३५० होती, आणि औषध नुकतंच सुरू झालं होतं. साखर काही आठवडे स्थिर झाल्यावरच काचा बनवा.

दुसरी गोष्ट लोक आनंदाने सांगतात. “आजोबांचा चष्मा सुटला हो, सत्तरीत पेपर वाचतात बिनचष्म्याचा!” बहुतेक वेळा हा मोतीबिंदू असतो. भिंगाचा गाभा घट्ट होतो तशी त्याची पॉवर वाढते, वजा नंबर येतो आणि जवळचं आपोआप दिसू लागतं. लांबचं त्याच वेळी बिघडत असतं. अशा आजोबांना तपासून आणा.

चौथी पायरी: चष्मा बनवताना

दोन बाहुल्यांमधलं अंतर, म्हणजे पीडी, मोजून घ्या आणि चिठ्ठीवर लिहून घ्या. ऑनलाइन मागवणाऱ्यांसाठी तर हे फार गरजेचं, कारण मोठ्या नंबरात दोन-तीन मिलिमीटरची चूकही त्रास देते. मुलांसाठी आणि कारखान्यात किंवा शेतात काम करणाऱ्यांसाठी पॉलिकार्बोनेटची काच घ्या, ती सहजासहजी फुटत नाही. नंबर चारच्या पुढे असेल तर १.६ किंवा १.६७ इंडेक्सची पातळ काच आणि लहान फ्रेम निवडा. दोनच्या आत असेल तर पातळ काचेसाठी जादा पैसे घालवू नका. रात्री गाडी चालवणाऱ्यांनी परावर्तन कमी करणारं कोटिंग जरूर घ्यावं.

निळ्या प्रकाशाच्या काचा मी स्वतःहून कोणाला सुचवत नाही. २०२३ साली कॉक्रेन या वैद्यकीय संशोधनाचे आढावे घेणाऱ्या संस्थेने १७ चाचण्यांचा आढावा घेतला, त्यात या काचांनी संगणकामुळे येणारा डोळ्यांचा थकवा कमी होत असल्याचं दिसलं नाही. थकवा येतो तो एकटक पाहण्याने आणि पापण्या कमी मिटल्याने. वीस मिनिटांनी वीस फुटांवर वीस सेकंद पाहा, स्क्रीन डोळ्यांच्या पातळीपेक्षा किंचित खाली ठेवा, पंख्याचा किंवा एसीचा झोत तोंडावर नको. याला पैसे पडत नाहीत.

प्रोग्रेसिव्ह काच, म्हणजे वर लांबचा आणि खाली जवळचा नंबर असलेली, घेतली तर पहिले आठ-दहा दिवस जिन्यावर सांभाळा. खाली पाहताना पायऱ्या जवळच्या भागातून दिसतात आणि पाय चुकतो. हनुवटी छातीकडे घेऊन लांबच्या भागातून पायरी बघायची. दोन-तीन आठवड्यांतही जमलं नाही तर परत जा, फिटिंग किंवा पीडी चुकलेलं असू शकतं. बाजारात मिळणारे तयार वाचायचे चष्मे दोन्ही डोळ्यांचा नंबर सारखा आणि सिलिंड्रिकल नसेल तर चालतात. आईने असा चष्मा देवघरात आणि स्वयंपाकघरात एकेक ठेवला आहे, माझी हरकत नाही. हरकत असते ती “चष्मा मिळाला, आता तपासायला कशाला” यावर.

पाचवी पायरी: मुलांचा नंबर

इथे जरा थांबते, कारण पालक सर्वांत जास्त इथे चुकतात आणि काळजीपोटीच चुकतात.

जन्मतः डोळा साधारण १७ मिलिमीटर लांब असतो, मोठेपणी २४ च्या आसपास. तो जास्त लांबला की वजा नंबर येतो. एक मिलिमीटर जास्त म्हणजे सुमारे अडीच-तीन नंबर. लांबलेला डोळा पुन्हा आखूड होत नाही. त्यामुळे गाजर, डोळ्यांचे व्यायाम किंवा “नंबर घालवणारे” थेंब यांनी वजा नंबर जात नाही. पण तो वाढण्याचा वेग कमी करता येतो, आणि ते करण्यासारखं आहे, कारण नंबर जितका मोठा, तितका पुढे पडदा सुटण्याचा आणि काचबिंदूचा धोका जास्त.

सर्वांत साधा उपाय मोकळ्या आकाशाखाली वेळ. २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या चीनमधल्या ग्वांगझूच्या अभ्यासात पहिलीच्या मुलांना शाळेत रोज ४० मिनिटं जास्तीची बाहेर नेली. तीन वर्षांत त्यांतल्या ३०.४ टक्के मुलांना वजा नंबर लागला, इतर मुलांत ३९.५ टक्क्यांना. रोज दोन तास बाहेर हे ध्येय ठेवा. शाळेची सुट्टी, मैदान, गच्ची, सगळं धरून. खिडकीजवळ बसून मोबाइल खेळणं यात धरू नका. नंबर आधीच लागला असेल आणि दर वर्षी अर्धा-पाऊण वाढत असेल, तर नेत्रतज्ज्ञांना अल्प मात्रेच्या ॲट्रोपिन थेंबांबद्दल आणि नंबरवाढ रोखणाऱ्या खास काचांबद्दल विचारा. हे थेंब दुकानातून आपल्या मनाने आणायचे नाहीत.

“पूर्ण नंबर देऊ नका ताई, सवय लागेल.” हे मी रोज ऐकते. कमी नंबर दिल्याने वाढ थांबत नाही; मलेशियातल्या एका अभ्यासात तर उलट ती जास्त झालेली दिसली. चष्म्याची सवय लागत नाही, स्वच्छ दिसण्याची लागते.

आणि आळशी डोळा. एका डोळ्याचा नंबर दुसऱ्यापेक्षा बराच जास्त असेल तर मेंदू त्या डोळ्याकडे दुर्लक्ष करायला शिकतो. मूल तक्रार करत नाही, कारण चांगल्या डोळ्याने सगळं दिसत असतं. घरी ओळखायचं कसं? एक डोळा हाताने झाका, मग दुसरा. दोन्ही वेळा मूल सारखंच राहतं की एक डोळा झाकल्यावर रडतं, हात ढकलतं, हे पाहा. साधारण सात-आठ वर्षांच्या आत चष्मा आणि चांगल्या डोळ्यावर पट्टी यांनी फार चांगला फरक पडतो. नंतर तो मिळवणं कठीण होत जातं. दुसरीतली एक मुलगी पट्टी लावून माझ्यासमोर पहिल्यांदा ‘क’ वाचते, तेव्हा तिच्या आईचा चेहरा बघण्यासारखा असतो.

मुलांचा नंबर थेंब घालूनच काढायला हवा. त्यांच्या डोळ्याचा स्नायू फार जोर लावतो आणि थेंबाविना नंबर खोटा येतो.

सहावी पायरी: कॉन्टॅक्ट लेन्स

थोडक्यात सांगते. पाणी हा लेन्सचा शत्रू आहे. नळाचं, फिल्टरचं, उकळलेलं, कोणतंही. पाण्यातल्या अकँथअमीबा नावाच्या जंतूमुळे बुबुळाचा हट्टी संसर्ग होतो. लेन्स लावून झोपू नका, पोहू नका, अंघोळ करू नका. लेन्स धुवायला तिचं सोल्यूशनच वापरायचं, रोज नवं. डबी तीन महिन्यांनी बदला. डोळा लाल झाला, दुखला, धूसर झाला की आधी लेन्स काढा आणि त्याच दिवशी डॉक्टर गाठा. रंगपंचमीला सरळ चष्मा लावा.

सातवी पायरी: लेझरने नंबर घालवायचा असेल तर

वय १८ च्या पुढे आणि नंबर किमान वर्षभर स्थिर, ही पहिली अट. लेझर बुबुळाला घासून नवा आकार देतं, म्हणून बुबुळाची जाडी महत्त्वाची. ती साधारण अर्ध्या मिलिमीटरपेक्षा किंचित जास्त असते. शस्त्रक्रियेआधी बुबुळाचा नकाशा काढतात, त्यासाठी मऊ लेन्स एक-दोन आठवडे बंद ठेवाव्या लागतात. बुबुळ शंकूसारखं होत असेल, म्हणजे केराटोकोनस असेल, तर हे लेझर करायचं नाही. डोळे सतत चोळण्याशी या आजाराचा संबंध आहे, म्हणून ॲलर्जीने डोळे खाजणाऱ्या मुलांवर वेळीच उपचार करा. गरोदरपणात आणि अंगावर पाजताना थांबा.

लेसिकमध्ये बुबुळाचा पातळ पापुद्रा उचलून खाली लेझर देतात. नजर एक-दोन दिवसांत येते. पीआरकेत पापुद्रा नसतो, पृष्ठभाग भरायला चार-पाच दिवस लागतात आणि ते दिवस दुखतं. स्माइलमध्ये बारीक छेदातून आतली चकती काढतात. नंबर फार मोठा किंवा बुबुळ पातळ असेल तर डोळ्याच्या भिंगासमोर बसवायची आयसीएल लेन्स असते. ती गरज पडल्यास काढता येते.

लेझर केंद्रातले सल्लागार नेहमी ठळकपणे सांगत नाहीत अशा दोन गोष्टी. लेझर केलं तरी चाळिशी लागतेच. आणि मोठा वजा नंबर लेझरने गेला तरी डोळा आतून लांबलेलाच असतो, त्यामुळे पडद्याची तपासणी आयुष्यभर चालू ठेवायची. लग्न ठरलं म्हणून घाईने लेझर करायला आलेल्या मुलींना मी शांतपणे बसवते. चष्मा हा दोष नाही, आणि शस्त्रक्रिया सासरच्यांसाठी करायची नसते.

आठवी पायरी: मोतीबिंदू

“अजून पिकू द्या” हा सल्ला जुन्या पद्धतीच्या शस्त्रक्रियेच्या काळातला आहे. आता वाचायला, गाडी चालवायला, सुईत दोरा ओवायला अडू लागलं की करून घ्यायची. फार पिकलेला मोतीबिंदू काढायला अवघड जातो आणि कधी आतला दाबही वाढवतो. फेकोमध्ये तीन मिलिमीटरपेक्षा लहान छेदातून भिंग फोडून ओढून घेतात. लहान छेदाची टाक्याविना पद्धतही अनुभवी हातात उत्तम निकाल देते. मोतीबिंदू थेंबांनी उतरत नाही, चूर्णाने विरघळत नाही. शस्त्रक्रिया हाच उपाय.

आत बसवायची लेन्स निवडताना लोक गोंधळतात. साधी मोनोफोकल लांबचं उत्तम देते, वाचायला चष्मा लागतो. टोरिक सिलिंड्रिकल नंबर भरून काढते. मल्टिफोकल दोन्ही देते, पण रात्री दिव्यांभोवती वलयं दिसू शकतात, आणि पडदा किंवा नस आधीच खराब असेल तर ती घेऊ नये. महाग म्हणजे तुमच्यासाठी चांगली असं नाही. डोळ्यात लेन्स बसवण्याची सुरुवात १९४९ साली लंडनमध्ये हॅरोल्ड रिडली यांनी केली. मदुराईच्या ऑरोलॅबने १९९२ पासून ती भारतात बनवायला घेतली आणि किंमत सामान्यांच्या आवाक्यात आली. राष्ट्रीय अंधत्व व दृष्टिदोष नियंत्रण कार्यक्रमात सरकारी रुग्णालयांत ही शस्त्रक्रिया मोफत होते. जिल्हा रुग्णालयात चौकशी करा, पैशांसाठी आईला अंधारात ठेवू नका.

थांबायचं नाही अशा वेळा

अचानक काळे ठिपके वाढले, वीज चमकल्यासारखं दिसलं किंवा एका बाजूने पडदा ओढल्यासारखं झालं, तर डोळ्याचा मागचा पडदा सुटत असू शकतो. त्याच दिवशी जा.

आमच्या भागात उसाचं पान डोळ्याला कापणं रोजचं. त्यातून बुरशीचा संसर्ग होतो. अशा डोळ्यात मेडिकलमधून आणलेले स्टेरॉइडचे थेंब घातले की दोन दिवस बरं वाटतं आणि आत बुबुळ विरघळत जातं. दूध, मध, तूप काहीही घालू नका.

तंबाखूच्या चुन्याची पुडी लहान मुलाच्या हातात फुटून डोळ्यात उडते, तेव्हा दवाखान्याकडे धावण्याआधी पाणी. पापणी उघडी धरून, मूल कितीही रडलं तरी, किमान पंधरा-वीस मिनिटं स्वच्छ पाण्याची धार सोडा. चिकटलेले कण ओल्या कापसाने टिपा आणि मगच निघा. ती पुडी घरात उंचावर ठेवा.

आणि महिन्यातून एकदा, एक डोळा झाकून, वाचायचा चष्मा असेल तर तो लावून, भिंतीवरच्या कालनिर्णयाच्या चौकटी पाहा. मग दुसरा. रेघ वाकडी किंवा मधला आकडा पुसट दिसला तर दाखवा.

थेंब घालण्याची रीत

हात धुवा. मान मागे, नजर छताकडे. खालची पापणी बोटाने ओढून खोबण करा आणि त्यात एकच थेंब सोडा. बाटलीचं टोक पापणीला लागू द्यायचं नाही. डोळा अलगद मिटा, चोळू नका, आणि नाकाकडचा कोपरा दोन मिनिटं बोटाने दाबून ठेवा, म्हणजे औषध घशात उतरत नाही. दुसरं औषध असेल तर पाच मिनिटांनी. बाटलीवर उघडल्याची तारीख लिहा, महिन्याने ती बदला.

बाबा आता ७६ वर्षांचे आहेत. रात्री साडेनऊला बातम्या संपल्या की ते मान मागे टाकतात, आई थेंब सोडते आणि बोट कोपऱ्यावर ठेवून १२० पर्यंत मोजते. परवा तपासलं, डाव्या डोळ्यात १४, उजव्यात १३.